गव्हाच्या जुन्या एलिव्हेटरचं म्युझियम: हेडफोन फुटका, आवाज अस्सल

आधीच सांगून टाकते, गावाचं आणि म्युझियमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. खाली दोन-चार तक्रारी आहेत आणि ती जागा चालवणारे सगळे सत्तरीपुढचे स्वयंसेवक आहेत, त्यांच्या नावाने ऑनलाइन बोंब मारावी असं त्यांनी काही केलेलं नाही. कॅनडातल्या रिजायनाहून हायवे १ धरून पूर्वेला निघायचं, इंडियन हेड मागे पडलं, सिंटालूटा मागे पडलं की एका खडीच्या रस्त्याला वळायचं, एवढं पुरे. इथे सस्कॅचवान प्रांतात राहणाऱ्यांना शोधत बसावं लागत नाही, एलिव्हेटर मैलोगणती लांबून दिसतो, या सपाटीवर दुसरं उभं असतंच काय.

सासरे, म्हणजे अण्णा, उन्हाळाभर आमच्याकडे आलेत. मॉल दाखवून झाले, तळं दाखवून झालं, विधानसभेची इमारत दाखवून झाली, सगळीकडे "छान आहे" म्हणतात आणि बाकावर बसतात. गाडीतून जाताना शेतं दिसली की मात्र मान वळवून वळवून बघतात. आयुष्यभर शेती केलेला माणूस, त्याला आपण फूड कोर्टात नेतोय. म्हणून हे ठरवलं. वेबसाइटवर वेळ दिलेली नाही, फक्त एक फोन नंबर, तो तीनदा लावला, कोणी उचलला नाही. रात्री आठला एका बाईंचा परत फोन, की कापणी सुरू आहे, सगळे कम्बाइनवर असतात, शनिवारी दोनला या, कोणीतरी असेल कुलूप काढायला. ही तक्रार नंबर एक, पण खरं सांगायचं तर ऐकून रागही आला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे. रेल्वेच्या रुळाला खेटून उभं केलेलं सत्तर-ऐंशी फुटांचं लाकडी कोठार. शेतकरी गाडीतून गहू आणणार, खालच्या खड्ड्यात ओतणार, पट्ट्याला लावलेले डबे तो वर उचलून नेणार (अण्णा बघताक्षणी म्हणाले, हे तर रहाटगाडगं, पाण्याऐवजी गहू), वरून वेगवेगळ्या कप्प्यांत सोडायचा आणि मालगाडीचा डबा लागला की नळीने त्यात भरायचा, झालं. १९३०च्या दशकात कॅनडाच्या प्रेअरीवर असे पावणेसहा हजारांच्या आसपास होते. दर आठ-दहा मैलांवर एक गाव आणि गावात दोन-तीन-चार एलिव्हेटर रांगेत, कारण घोड्यांची गाडी भरून नेऊन दिवस मावळायच्या आत घरी येता आलं पाहिजे. आता बहुतेक पाडले, काही जळाले, उरलेत त्यातल्या बऱ्याच जणांत कबुतरं राहतात.

आम्हाला फिरवणारे आजोबा स्वतः तीसेक वर्षं एलिव्हेटरचे एजंट होते. एजंट म्हणजे तिथला कर्ताधर्ता: वजन करणारा, प्रत ठरवणारा, पावती फाडणारा, झाडूही मारणारा. टूर चाळीस मिनिटांची म्हणाले आणि पावणेदोन तास चालली. हे चांगलं की वाईट ते तुमच्या पोरांच्या वयावर आहे, आमचं नऊ वर्षांचं पोरगं एका तासानंतर "बाबा, चला ना" वर आलं होतं. मला मात्र एक गोष्ट फार आवडली, ती भिंत. फळ्या उभ्या ठोकलेल्या नाहीत, आडव्या, एकावर एक झोपवून खिळे मारत मारत वर नेलेल्या, मधे खांब नाही, कारण गहू आतून बाहेर ढकलतो आणि साधी भिंत फुटली असती. आणि एका रिकाम्या कप्प्यात डोकं घालून हात लावला तर आतलं लाकूड इतकं गुळगुळीत, घरातल्या जुन्या पोळपाटासारखं. इतक्या वर्षांचा गहू घासून घासून. वास अजून येतो, धूळ आणि भाजक्या कणकेसारखा काहीतरी.

तर काट्याच्या जागी आलो. गाडी मालासकट उभी राहील एवढा फळ्यांचा प्लॅटफॉर्म आणि बाजूला आजोबांच्या खोलीत दांडी-वजनं. अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांनी नवऱ्याला विचारायला सांगितलं, काटा कुणाचा होता आणि तपासायचं कोण?

आजोबा एवढे खूश झाले की स्टूल ओढून बसलेच. म्हणाले, हाच प्रश्न विचारून विचारून तर हे सगळं उभं राहिलं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, थोडं घरी वाचून पडताळलंय.

सुरुवातीला एलिव्हेटर व्यापारी कंपन्यांचे. स्टेशनावर तुम्ही गहू आणला की काटा त्यांचा, चाळणी त्यांची आणि प्रत ठरवणारा डोळाही त्यांचाच. वजनात मारायचं, मग कचरा-तणाचं बी म्हणून कडता धरायचा (इथे डॉकेज म्हणतात), वर एक नंबरच्या गव्हाला दोन नंबर लावायचा. पटलं नाही तर घेऊन जा परत बारा मैल, थंडीत. दुसरा मार्ग होता, एलिव्हेटरला टाळून स्वतःच रेल्वेच्या डब्यात भरायचा, पण डबा रेल्वे देणार आणि रेल्वे देणार आधी एलिव्हेटरवाल्यांना. १९०१ला पीक बंपर आलं आणि डबेच मिळेनात, गहू तसाच पडून. त्या डिसेंबरात इंडियन हेडला शेतकरी जमले, डब्ल्यू. आर. मदरवेल वगैरे मंडळी, आणि संघटना काढली. पुढच्याच वर्षी कायद्यात घालून घेतलं की डबे नोंदवहीतल्या नंबराप्रमाणे द्यायचे. रेल्वेने ऐकलं नाही तेव्हा सिंटालूटाच्या स्टेशन एजंटवर केस केली आणि जिंकली, ५० डॉलर दंड, वर सुप्रीम कोर्टापर्यंत तो कायम राहिला. म्हणजे बघा, आम्ही येताना ज्या सिंटालूटावरून ऐंशीच्या स्पीडने "काही नाहीये इथे" म्हणत पुढे आलो ते गाव हे. रांगेत नंबर लावायचा हक्क, एवढ्यासाठी सुप्रीम कोर्ट. त्याच गावचा पार्ट्रिज नावाचा शेतकरी विनिपेगच्या धान्य बाजारात जाऊन बसला, सगळा खेळ बघून आला आणि १९०६ला शेतकऱ्यांचीच धान्य कंपनी काढली. बाजारवाल्यांनी तिला काढून टाकलं, कारण काय तर ती नफा सभासदांत वाटणार होती! पुढच्या वर्षी परत घ्यावं लागलं.

इथवर टूर एक नंबर. पुढचं पॅनेलवर लिहिलंय आणि पॅनेल बरे आहेत, फोटो मोठे, अक्षर बारीक (तक्रार नंबर दोन, अण्णांनी चष्मा काढून, लावून, परत काढून प्रयत्न केला). थोडक्यात असं की पहिल्या महायुद्धानंतर १९१९ला सरकारने एका बोर्डामार्फत सगळा गहू विकला, शेतकऱ्याला आधी २ डॉलर १५ सेंट बुशेलमागे (बुशेल म्हणजे इथलं धान्य मोजायचं माप) आणि मागाहून वरचे, मिळून २ डॉलर ६३ सेंट पडले. मग सरकारने बोर्ड गुंडाळलं आणि भाव गडगडला. लोकांनी एक वर्ष चव घेतली होती ना. मग म्हणाले, सरकार करत नाही तर आपणच करू. तोच हा पूल. पोहायचा नाही, नदीवरचाही नाही, गहू एकत्र करायचा पूल.

कसं चालायचं तर, सगळ्यांनी पाच वर्षांचा करार करायचा की माझा गहू पूललाच. पीक आलं की पूल पहिली उचल देणार, मग वर्षभर बाजार बघत बघत विकणार, मधे एखादा हप्ता आणि वर्षअखेर हिशोब होऊन शेवटचं बिल. त्याच प्रतीच्या गव्हाला सगळ्यांना सारखाच भाव, सप्टेंबरात घाईने आणणारा असो की मार्चमध्ये. अण्णांना हे समजावताना नवरा इंग्रजी-मराठीत अडखळत होता आणि अण्णा शांतपणे म्हणाले, अरे उचल आणि फरक, त्यात काय समजवायचंय. शेजारच्या आल्बर्टा प्रांतवाल्यांनी १९२३च्या ऑक्टोबरात सुरू केलं. सस्कॅचवानमध्ये त्या वर्षी सह्या कमी पडल्या, परत हिंडावं लागलं, जून १९२४पर्यंत ४६,५००च्या आसपास करार झाले तेव्हा निम्म्याहून जास्त गव्हाचं रान पूलमध्ये आलं आणि मग चालू. मॅनिटोबा प्रांतही त्याच वर्षी. पहिल्या वर्षी उचल १ डॉलर आणि सगळं धरून १ डॉलर ६६ सेंट. मग बुशेलमागे सेंट-दोन सेंट कापून एलिव्हेटर बांधायला ठेवले, १९२५ला बुल्यात पहिला बांधला आणि १९२६ला तर आधीची एक सहकारी कंपनीच विकत घेतली, ४५१ एलिव्हेटर एका झटक्यात, साधारण १ कोटी १० लाख डॉलरला.

पॅनेल इथे ढोल वाजवतात आणि वाजवावेत, पण मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते पॅनेलसाठी नाही. एजंटच्या ऑफिसच्या मागे एक टीचभर खोली आहे. कोळशाची शेगडी, कॅलेंडर, एक टेबल आणि टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्यावर रेकॉर्डिंग्ज. गावातल्या कुणीतरी पूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर जाऊन, ज्यांनी त्या सह्या गोळा केल्या, ज्यांनी केल्या, ज्यांच्या घरी सभा झाल्या अशा म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांना बोलतं केलेलं. आजोबांनी टूरमध्ये याचा उल्लेखही केला नाही! मी टॉयलेट शोधत तिकडे गेले म्हणून सापडली. (टॉयलेट बाहेर आहे. केबिन टाइप. यापुढे बोलत नाही.)

हेडफोन एकच आणि त्याचा डावा कान बंद. फायलींना नावं नाहीत, १ ते १९ नुसते नंबर, कोण बोलतंय, कुठल्या साली, काही नाही, बोलणं लिहून उतरवून ठेवलेलं तर नाहीच. ही तक्रार नंबर तीन आणि सगळ्यात मोठी, कारण खजिना आहे आणि तो फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्यासारखा ठेवलाय. नवऱ्याला आणि पोराला बेरी पाय (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) खायला पाठवलं आणि मी आणि अण्णा बसलो, मी एका कानाने ऐकायचं आणि त्यांना सांगायचं.

पहिला माणूस करारावर सह्या घ्यायला हिंडलेला. मला वाटलं आता भाषण येणार, सहकाराची तत्त्वं वगैरे. हा काय सांगतो तर कुठल्या घरी काय खाल्लं. एका दिवसात किती घरं झाली ते कॉफीच्या कपांवर मोजायचे, नाही म्हणता यायचं नाही, आणि जिथे कॉफी संपेपर्यंत विषय निघाला नाही तिथे सही मिळायची नाही. अर्ध्या घरांत युक्रेनियन, जर्मन, नॉर्वेजियन, करार इंग्रजीत, मग शाळेत जाणारं पोरगं वाचून दाखवायचं आणि बाप पोराच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. जुन्या फोर्ड गाडीतून हिंडले, चिखल झाला की घोड्यावरून. (गंमत म्हणजे ज्याने हे पूलचं खूळ प्रेअरीभर पेटवलं तो कॅलिफोर्नियाचा वकील ॲरन सपायरो, ऑगस्ट १९२३ला सॅस्काटूनला येऊन सभा गाजवून गेला, त्यानेच पुढे हेन्री फोर्डवर बदनामीचा दावा लावला आणि फोर्डला १९२७ला माफी मागावी लागली. आणि इकडे त्याच्या विचाराच्या सह्या फोर्डच्याच गाडीतून.)

मग मुलाखत घेणारा विचारतो, सही कुणी नाही केली? आणि इथे तो माणूस एकदम स्पष्ट होतो. इतका वेळ आठवत आठवत बोलणारा, आता घर अन् घर, जमिनीच्या कुठल्या सेक्शनच्या (तुकड्याच्या) कुठल्या कोपऱ्यावरचं, धडाधड. मधेच मागून बायकोचा आवाज, लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, की नावं घेऊ नकोस, त्यांची मुलं अजून इथेच आहेत. हा म्हणतो, बरं बरं. टेपचा खटका. परत सुरू होतं तेव्हा विषय हवामानाचा.

मी हे अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, भाऊबंदकीत असंच असतं, सही न करणारा जास्त लक्षात राहतो.

दुसरी एक आजी होती, तिचा आवाज मी विसरणार नाही, घड्याळाची टिकटिक तिच्या आवाजापेक्षा मोठी. ती म्हणते पहिल्या उचलीचे पैसे तर घरात आलेच नाहीत, दुकानदार, यंत्रवाला आणि बँक तिघं दारातच बसलेले. पण हिशोबाचं शेवटचं पाकीट आलं ते कुणाच्याच ध्यानात नसताना आलं, त्याच्यावर कुणाचा डोळा नव्हता, म्हणून ते तिचं. त्यातून तिने काय घेतलं तर स्वयंपाकघराच्या जमिनीवर टाकायचं लिनोलियम. डिझाइन सुद्धा सांगते, हिरवे-करडे चौकोन. पूलच्या सभा शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर मोठे पुरुष गुडघे वर काढून बसायचे, कॉफी कपडे उकळायच्या हंड्यात. सभेचं इतिवृत्त नवऱ्याच्या नावाने आहे पण अक्षर माझं, असं म्हणते आणि मग काहीच बोलत नाही, नुसती टिकटिक. पॅनेलवर सेक्रेटरी म्हणून नवऱ्याचा फोटो आहे. मी परत जाऊन बघितला.

आणि तिसरा. हा दबक्या आवाजात. करारबाहेर विकला तर बुशेलमागे २५ सेंट दंड होता, तरी लोक विकायचे, रात्रीचं, शेजारच्या गावच्या खासगी एलिव्हेटरला, जिथे रोख मिळायचे. हा म्हणतो, मीपण विकला, एकदाच. घरात आजारपण, डॉक्टरला रोख हवे, पूलचा पुढचा हप्ता वसंतात. गाडीच्या चाकांचा आवाज होऊ नये म्हणून शेजाऱ्याच्या घरापासून लांबचा रस्ता घेतला, आणि तिकडे गेलो तर रांगेत पुढे तोच शेजारी. दोघंही एकमेकांना दिसले नाहीत असं ठरलं, न बोलता. पुढे आयुष्यभर एकाच कमिटीवर बसलो.

हे ऐकून कळलं की पॅनेलमध्ये काय खुपत होतं. तिथे सगळे एका दिशेला तोंड करून उभे आहेत. खरं तर सहकार म्हणजे काय, तर दर वर्षी घरात पैसे नसताना थांबायचं, आणि शेजारीही थांबेल असं धरून चालायचं. लाकडं उभी करणं त्यामानाने सोपं.

१९२९चं तर पॅनेलवर अर्ध्या ओळीत उरकलंय, "मंदीमुळे अडचणी आल्या". अहो अडचणी कसल्या! त्या हंगामाला पूलने पहिली उचल १ डॉलर दिली आणि बाजार त्याच्याही खाली गेला, म्हणजे दिलेली उचलच जास्त झाली, परत कुणाकडून मागणार? बँका अंगावर आल्या, तिन्ही प्रांतांच्या सरकारांना हमी घ्यावी लागली, विक्रीचा कारभार बाहेरच्या माणसाच्या हातात गेला आणि ते कर्ज पूल पुढची कित्येक वर्षं फेडत बसला. सस्कॅचवान पूलचा पहिला अध्यक्ष मॅकफेल १९३१मध्ये गेला, पन्नाशीही झाली नव्हती. १९३२च्या डिसेंबरात गव्हाचा भाव ४० सेंटच्या खाली, रेल्वेचं भाडं वजा करून शेतकऱ्याच्या हातात काय उरत असेल करा हिशोब. पूल मेला नाही, एलिव्हेटर होते म्हणून एलिव्हेटरवर जगला, आणि १९३५ला सरकारने परत गहू बोर्ड आणलं. हे सगळं १९ फायलींत आहे. एक जण तर सरळ शिव्या घालतो, पूलला, बँकेला, आणि स्वतःला, की मीच चाळीस घरांच्या सह्या आणल्या होत्या आणि त्या घरांसमोरून जायची लाज वाटायची. हा आवाज भिंतीवर लावा ना, कशाला लपवता.

आणखी एक गोष्ट कुठेच नाही, ना पॅनेलवर, ना टेपवर. सिंटालूटाच्या दक्षिणेला कॅरी द केटल हे नाकोडा या मूळ रहिवासी लोकांचं रिझर्व्ह, म्हणजे त्यांची राखीव जमीन, आहे. इंडियन ॲक्टखाली (भारताशी संबंध नाही, इथल्या मूळ रहिवाशांसाठीचा कायदा) रिझर्व्हवरच्या शेतकऱ्याला स्वतः पिकवलेलं धान्य विकायला सरकारी एजंटाची परवानगीची चिठ्ठी लागायची. डबा रांगेने मिळावा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत लढलेल्या गावाच्या शेजारी माणसाला रांगेत यायलाच परवानगी लागत होती. मी आजोबांना विचारलं. ते थोडे गप्प झाले, म्हणाले तुमचं बरोबर आहे, ते पॅनेल व्हायला पाहिजे. वहीत लिहून घेतलं त्यांनी. पुढच्या वर्षी बघू.

शेवट काय झाला हे बाहेर पडताना दारापाशी एका लहानशा पाटीवर आहे. १९९६ला सस्कॅचवान पूलचे शेअर बाजारात आले, २००७ला दुसरी मोठी कंपनी घेऊन नाव व्हिटेरा झालं, २०१२ला ते ग्लेनकोर कंपनीकडे गेलं, आता २०२५पासून बंगी कंपनीमध्ये. शेअरचं कळल्यावर अण्णांनी एकच विचारलं, मग मतं? मी म्हटलं पूर्वी १६ जिल्हे, प्रत्येकात दहा असे १६० प्रतिनिधी निवडून यायचे. अण्णा म्हणाले, ते नाही विचारलं, शेअर आल्यावर मतं कुणाची? आता सुनेने सासऱ्याला काय सांगायचं.

बाकी सोयी. प्रवेश फी नाही, दानपेटी आहे, कार्ड चालत नाही, नोटा घेऊन जा. आत थंडी वाजते, ऑगस्टमध्येसुद्धा स्वेटर घ्या. व्हीलचेअर काट्यापर्यंत जाते, त्यापुढे नाही. वर जायची हाताने दोर ओढायची एका माणसाची लिफ्ट आहे, बघायला मिळते, बसायला नाही, पोराने त्यावरून रडून घेतलं. कॅफे म्हणजे बाजूच्या सभागृहात दोन बायका आणि सॅस्काटून बेरीचा पाय (हसू नका, खायचाच), तो अप्रतिम, करंजीच्या कडेसारखी खुसखुशीत कड, चार वाजता संपतो. दुकानात मग, टोप्या, आणि गव्हाच्या पिशव्या. पिशवीतला गहू अण्णांनी तळहातावर घेतला, एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, कडक आहे, पाव चांगला होईल, पोळीला जरा विचार करावा लागेल. घेतली दोन किलो. पोळ्या खरंच चिवट झाल्या, माझ्यावर आलं ते.

रेटिंग: इमारत आणि आजोबा पाच, पॅनेल तीन, रेकॉर्डिंग्ज पाच, ती ऐकायची व्यवस्था एक. जाणार असाल तर स्वतःचा हेडफोन न्या, वायरवाला, जुनी गोल पिन, ब्लूटूथ लागत नाही. फाइल ४, ९ आणि १४ आधी ऐका. ९ मध्ये मधेच शांतता आहे, बंद पडलं समजून पुढे जाऊ नका, ती आजी परत बोलते.

निघताना आजोबांनी आम्हा चौघांना काट्यावर उभं केलं, दांडीवर वजन सरकवलं आणि खरीखुरी जुनी धान्याची पावती फाडून दिली. एकूण ५६३ पौंड. प्रतीच्या रकान्यात एक नंबर नॉर्दर्न. डॉकेजच्या रकान्यात त्यांनी आमच्या बुटांकडे बघून दोन टक्के लिहिलं, अण्णांनी लगेच बोट ठेवलं, हे कशाचं? आजोबांना भाषा कळली नाही पण बोट कळलं. खोडून शून्य केलं, सही ठोकली.

अण्णा तरी थांबतात का. घरी आल्यावर एकेकाला बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं, कागदावर बेरीज मांडली. ५५२. अकरा पौंड कमी, आणि तेही मधे पाय खाऊन आल्यावर. परत मोजलं, परत तेच. नवरा म्हणतोय बाथरूमचा काटा बिघडलाय, दुसरा आणू. अण्णा म्हणतात राहू दे, काटा आपल्या बाजूने चुकलेला मी पहिल्यांदा बघतोय. पावती फ्रिजवर लावलीय.